काळजीची हद्दवाढ

कोल्हापूरची नगरपालिका 1972 साली महापालिका झाली आणि तेव्हापासून शहराची हद्द एक इंचही पुढं सरकलेली नाही. हद्दवाढ झालीच पाहिजे म्हणून शहरात मोर्चे निघतात, होता कामा नये म्हणून शेजारच्या गावांत बंद पाळला जातो. दोन्हीकडं कृती समित्या, दोन्हीकडं घोषणा, आणि संध्याकाळी दोन्हीकडची माणसं एकाच लग्नाच्या पंगतीला, कारण शहरातल्या कितीतरी लेकी त्याच गावांत दिलेल्या. 2017 साली सरकारनं मधला मार्ग म्हणून 42 गावांचं प्राधिकरण काढून दिलं. त्यानं एक मात्र साधलं: शहर आणि गावं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकसारखी नाराज झाली.

पण म्हणून कोल्हापूरकर अडून बसलेला नाही. आपल्या काळजीची हद्द त्यानं कुणाच्या मंजुरीची वाट न बघता वाढवून घेतली आहे. त्यात कीव्ह आलं, गाझा आलं, तैवान आलं. व्हाइट हाऊस तर हल्ली आमच्याच वॉर्डात धरतात. या हद्दवाढीला एकाही ग्रामपंचायतीनं विरोध केलेला नाही.

या वाढीव हद्दीचा कारभार रात्री चालतो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, समोरच धार काढली जाते, ग्लास हातात येतो तेव्हा दुधाला अजून म्हशीची ऊब असते. त्या फेसात मिशी बुडाली की माणसाला एकदम दूरचं दिसायला लागतं. आमच्या कंपूत एक निवृत्त मास्तर आहेत. आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळं कुठंही बॉम्ब पडला तरी तो नेमका कुठं पडला हे सांगायचा मान त्यांचा. दुसरे मामा, किराणा दुकानवाले. त्यांना कुठं पडला याच्याशी घेणं नसतं, कुणाचं चुकलं ते त्यांना माहीत असतं.

"मास्तर, सुरवातीलाच बसवून मिटवायला पायजे हुतं," मामा म्हणतात. विषय अर्थात रशिया आणि युक्रेन. "पुतीनला घरात बोलवायचा. तांबडा-पांढरा म्होरं ठेवायचा. रस्सा पोटात गेल्यावर माणूस भांडत न्हाई."

"आणि त्यो आलाच न्हाई तर?"

"न्हाई तर बिंदू चौक हायच की!"

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. बिंदू चौक हे कोल्हापूरचं सर्वोच्च न्यायालय. भाई माधवराव बागल यांनी 1950 साली महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे इथं उभे केले, तेही बाबासाहेब हयात असताना. इतकी पुण्याई असलेल्या चौकात खोटं बोलायची कुणाची छाती होणार नाही, असा आमचा समज. त्यामुळं इथं दोन पुढाऱ्यांची जुंपली की एक दुसऱ्याला म्हणतो, हिंमत असेल तर बिंदू चौकात ये. दुसरा म्हणतो, तारीख सांग. मग एक जण एका वेळेला येतो आणि दुसरा दुसऱ्या वेळेला, आणि दोघंही जिंकून घरी जातात. ट्रम्प आणि पुतीन यांना हे तंत्र कुणी समजावून सांगितलं असतं तर जगाचा बराच दारूगोळा वाचला असता, असं मास्तरांचं ठाम मत आहे.

स्कॉटलंडच्या अॅडम स्मिथनं 1759 साली एका पुस्तकात लिहून ठेवलंय की, समजा भूकंपानं सगळा चीन गिळला, तर युरोपातला भला माणूस हळहळेल, माणसाच्या क्षणभंगुरपणावर चार वाक्यं बोलेल आणि रात्री घोरत पडेल. पण उद्या आपली करंगळी कापणार आहेत एवढं कळलं तर त्याला झोप लागणार नाही. स्मिथ विद्वान होता, पण तो कोल्हापूरला कधी आला नाही. इथं उलटं आहे. इथला माणूस करंगळीला हळद लावून, वर चिंधी गुंडाळून रात्री एक वाजेपर्यंत चीनवर बोलतो. आणि ते बोलणं खोटं नसतं हो. मामांचा आवाज खरोखर भरून येतो. फक्त एवढंच की युक्रेनवर मत दिल्यावर कुणी तुमच्या हातात खराटा देत नाही. गल्लीतल्या गटारीवर मत दिलं की देतात.

गटारीवरून आठवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ड्रेनेजचं चेंबर आहे. त्याचं लोखंडी झाकण एका रात्री कुणीतरी उचलून नेलं. सकाळी एका भल्या माणसानं त्यात एरंडाची फांदी रोवली, दुसऱ्यानं फांदीला लाल चिंधी बांधली. तिसऱ्यानं अर्ज द्यायचा होता. तिसरा कोण, यावर एकमत होईना. मग होर्मुझची सामुद्रधुनी बंद झाली तर तेलाची जहाजं कुठून वळसा घेतील, यावर तावातावानं बोलत बोलत सगळा कंपू रोज रात्री त्या चेंबरला वळसा घालून घरोघरी जायचा. एरंडाला पालवी फुटली.

अर्ज देऊ शकेल असं गल्लीत एकच माणूस होतं, ते म्हणजे समोरच्या वहिनी. कुणाच्या घरात ताप आहे, कुणाचा गॅस संपलाय, कुणाची म्हातारी एकटी आहे, हा सगळा दप्तरखाना त्यांच्याकडं. पण त्यांचंही म्हणणं रास्त होतं: "भावजी, प्रत्येक वेळी मीच काय म्हणून जायचं? मी आता न्हाई जाणार. बघतोच मी, कोण जातंय ते." (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच पुल्लिंगी बोलतात. बाहेरच्यांनी दचकू नये.)

जागतिक राजकारणात वहिनींचं लक्ष नाही, असं कुणी समजू नये. युक्रेनवर 2022 च्या फेब्रुवारीत हल्ला झाला तेव्हा कट्टा नाटोच्या तहाची कलमं चघळत होता. वहिनी दुसऱ्याच दिवशी मामांच्या दुकानात जाऊन सूर्यफुलाच्या तेलाचे दोन डबे घेऊन आल्या, कारण आपल्याकडं येणाऱ्या सूर्यफूल तेलातलं बरंचसं युक्रेनचं असतं हे त्यांना माहीत होतं. पुतीनवर चर्चा करायला मामांना रात्र पुरायची नाही, पण आपल्याच दुकानातलं तेल जुन्या भावानं गेलं हे त्यांच्या लक्षात आठ दिवसांनी आलं. नंतर वहिनी त्यांना रोज विचारायच्या, "त्या दोघांचं कधी मिटतंय वो? पुढचा डबा कधी घ्यायचा ते ठरवायचंय."

आता फुटबॉल. हा विषय निघाला की कोल्हापूरकराचं जगाशी असलेलं नातं एकदम उघडं पडतं. वर्ल्ड कप आला की इथल्या पेठा अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्यात वाटल्या जातात. एका गल्लीत निळ्या-पांढऱ्या पताका, पलीकडच्या गल्लीत पिवळ्या-हिरव्या. मेस्सी आणि नेमार यांचे दुमजली कटआउट उभे राहतात. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री कतारमध्ये अर्जेंटिनानं फ्रान्सला पेनल्टीवर हरवलं तेव्हा इथं जे फटाके उडाले, तेवढे बुधवार पेठेत एकाच मांडवात तीन लग्नं लागली तरी उडणार नाहीत. मेस्सीच्या कटआउटसाठी वर्गणी गोळा व्हायला दोन दिवस पुरतात. वर्गणी न देणाऱ्याला पोरं काही बोलत नाहीत, नुसतं "बरं काका" म्हणतात. त्या "बरं"ला घाबरून माणूस पाकीट काढतो.

पण या प्रेमात मला सगळ्यात मजेची वाटते ती ब्राझीलची भानगड. आमचा जिल्हा उसाचा. जगात सगळ्यात जास्त साखर करणारा देश ब्राझील. तिकडं ऊस जोमात आला की जगभर साखर पडते, इकडं कारखाने तोंड कडू करतात आणि एफआरपीचा, म्हणजे उसाच्या बांधलेल्या दराचा, हप्ता लांबतो. एवढ्यावर भागलं नाही. 2019 साली ब्राझीलनं ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या बरोबरीनं जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध दावा लावला. तक्रार काय, तर भारतात उसाला सरकार बांधून देतं तो दर नियमापेक्षा जास्त मदतीचा ठरतो आणि साखर निर्यातीला अनुदान मिळतं. डिसेंबर 2021 मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. भारतानं अपील केलं, पण तिथल्या अपील मंडळावर माणसंच नेमलेली नव्हती, त्यामुळं प्रकरण लोंबकळत राहिलं. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी ज्या गावानं कित्येक वर्षं आंदोलन केलं आणि ऑगस्ट 2025 मध्ये ते मिळवलं, त्या गावाला हे लोंबकळणं काही नवीन नाही.

तर हा निकाल लागून वर्ष व्हायच्या आत कतारचा वर्ल्ड कप आला. बाप जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत उसाला वाढीव दर मिळालाच पाहिजे म्हणून मूठ वळून, घसा बसवून घरी येतोय, आणि पोरगा दारात ब्राझीलचा झेंडा बांधतोय. बापानं विचारलं, "कुणाचा रं ह्यो?" पोरगा म्हणाला, "नेमारचा." बापाला कारखानदारांची सगळी नावं पाठ, त्यांत नेमार काही आठवेना. तो म्हणाला, "बांध, पण शेडाच्या बाजूनं बांध, पाऊस तिकडनं येतोय." ही गोष्ट मला शिरोळ तालुक्यातल्या एका पाव्हण्यानं सांगितली. खरी असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण वर्ल्ड कपनंतर नेमारचा फ्लेक्स गोठ्यावर ताडपत्री म्हणून बघितलेला आहे. म्हशीला त्याचं काही नाही. उसाच्या भावाशी तिचा संबंध वाड्यापुरता.

आता हेच पोरगं शाहू स्टेडियमवर बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं ज्याला नुसती संघांची वाटतात त्यानं स्टेडियममध्ये जरा जपून बसावं. अर्जेंटिना हरली तर कोल्हापूरकर शिव्या देतो आणि मिसळ खायला जातो, तीही ब्राझीलवाल्या दोस्ताच्या गाडीवरून. पेठ हरली तर तो जेवत नाही. आई ताट वाढून थांबते, बाप काही विचारत नाही, घरात सुतक असल्यासारखं सगळं हळू चालतं. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, त्या वेळी अख्खं गाव टीव्हीला चिकटलं होतं. त्याच गावात पुढच्या मोसमात दोन पेठा एका थ्रो-इनवरून महिनाभर बोलत नव्हत्या. मेस्सीवर जीव ओवाळायला सोपं जातं. तो शेजारी राहत नाही, त्याचा चुलता आपल्या चुलत्याशी बांधावरून भांडलेला नसतो.

जग आपणहून कोल्हापूरला येतं, तेव्हा आमची जरा तारांबळ होते. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा कट्टा खवळला. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं खवळायला आधार पक्का होता. मामा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आमची चप्पल!" मास्तरांनी सहज सगळ्यांच्या पायांकडं नजर टाकली. स्पोर्ट शूज, रबरी स्लीपर, एकाचे मुलीनं पुण्याहून पाठवलेले सँडल. कोल्हापुरी एकाच्याच पायांत होती, आणि तो मिरजेहून आलेला पाहुणा होता.

पण एकदा जग खरंच आलं होतं, वळिवड्याच्या स्टेशनवर, रेल्वेतून उतरून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरवातीला रशियानं पोलंडच्या पूर्व भागातून हजारो कुटुंबं उचलून सायबेरियाकडं नेली. पुढं सुटका झाल्यावर ती इराणमार्गे भटकत निघाली. त्यातले सुमारे 5000 जण, बहुतेक बायका आणि मुलं, कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला आले. 1943 ते 1948 ती छावणी तिथं होती. शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा, जागा आमची. आसपासच्या गावांतली माणसं दूध, भाजी, अंडी घेऊन छावणीकडं जायची. पोलिश बाई आणि वळिवड्याची माळीण घासाघीस करताना कुठल्या भाषेत करत असतील हे मला ऐकायला आवडलं असतं. तो आवाज कुणी नोंदवून ठेवलेला नाही.

त्या काळीही कट्टे असणारच आणि हिटलरचं कुठं चुकलं हे रोज रात्री ठरत असणारच. पण वळिवड्यात त्याच वेळी पोलंड हा प्रश्न राहिला नव्हता. तो रोज सकाळी किटली घेऊन दुधाला येत होता, आणि किटलीत दूध किती घालायचं, उधारी किती दिवस चालवायची, एवढाच विचार करायचा होता. पोलिश लोक गेल्यावर फाळणीतून आलेले सिंधी तिथं वसले, वळिवड्याशेजारी गांधीनगर झालं, आणि आता जिल्ह्यातली निम्मी लग्नाची कापडं तिथून येतात. जग दारात येऊन उभं राहिलं की कोल्हापूरकर आधी चहा टाकतो आणि मग मत देतो. क्रम उलटा झाला तर मत देतो आणि चहा विसरतो.

ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली. ते टीव्हीवर बघून कट्टा हरखून गेला. वॉर्सात आपलं स्मारक! मामांनी लगेच सगळ्यांनी मिळून पोलंडला जायचा बेत काढला, तिकिटाचे भाव निघाले, थंडीत काय घालायचं इथपर्यंत चर्चा आली. मास्तर म्हणाले, आपल्या महावीर गार्डनपाशीही पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आधी तो बघून येऊ. त्यावर मामा गंभीर होऊन म्हणाले, "मास्तर, मी रोज सकाळी तिथंच फिरायला जातोय. मला वाटलं, पाण्याच्या पाइपलाइनचं काहीतरी हाय." पाइपलाइनचा संशय यायला कारणही होतं. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी कित्येक वर्षांच्या मागण्या आणि आंदोलनांनंतर 2023 च्या दिवाळीत शहरात पोचलं. इतक्या वर्षांत शहरात कुठंही खांब दिसला की लोक त्याचा संबंध पाण्याशीच लावायला शिकले होते.

जगाची चर्चा बंद पडायचाही एक काळ असतो. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला लागलं की कट्ट्यावर परराष्ट्र धोरण मागं पडतं, 43 ला धोका पातळी आली की बंदच होतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सगळा देश 370 कलमावर बोलत होता. 5 ऑगस्टची ती घोषणा आमच्या गल्लीत नक्की किती जणांनी ऐकली, देव जाणे. वीज नव्हती, शिरोलीला राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली, पाणी 55 फुटांच्या वर, आणि गावात एकच आकडा विचारला जात होता, तो 370 नव्हता. सुतारवाड्यातली कुटुंबं शाळेत आणून ठेवलेली, चिखली-आंबेवाडीकडं बोटी गेलेल्या. मामा दुकानातलं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून चालले होते, आणि मागून मास्तर ओरडत होते, "डावीकडं उतार हाय, उजवीकडनं चला!" त्यांचा भूगोल त्या आठवड्यात पहिल्यांदा दोन किलोमीटरच्या आत आला होता, आणि तो बिनचूक होता. वहिनींच्या चुलीवर दिवसरात्र चपात्या होत्या. किती केल्या, हे कुणी मोजलं नाही.

पाणी ओसरलं, गाळ काढून झाला, आणि आठवड्याभरात काश्मीरवर कट्ट्याचं मत तयार झालं. पूर ही आमच्याकडची रजा आहे. रजा संपली की माणूस कामावर हजर.

तर चेंबर. 2026 चा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत, त्याच्या तयारीची मंडळात मीटिंग झाली. मोठा पेच पुढं आला. कतारचा वर्ल्ड कप थंडीत झाला होता, हा जून-जुलैत, ऐन मिरगाच्या पावसात. कटआउट भिजणार, वाकणार. मेस्सी पावसात उभा राहील का, यावर दोन तास चर्चा झाली. वर्गणीला पोरं वहिनींकडं आली. वहिनी म्हणाल्या, "देतो. पण त्यो तुमचा जुना मेस्सी तालमीच्या माळ्यावर पडलाय न्हवं? त्यो आधी चेंबरवर उभा करा. एरंड काढा तिथला, झाड व्हायला लागलंय त्याचं."

पोरांनी केलं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी, दोन्ही हात पसरून, दहा नंबरचा मेस्सी उभा. गाड्या आपोआप वळायला लागल्या. अर्जेंटिनावाल्यांनी त्याला हार घातला, खाली पाटी लावली: "सावकाश चालवा."

पलीकडच्या ब्राझीलच्या गल्लीला हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांची रोजची वाट त्याच तोंडावरून, आणि येता-जाता मेस्सीला वळसा घालायचा म्हणजे झालंच. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पाच-सहा जण अर्ज घेऊन निघाले. अर्जावर सह्या शंभराच्या वर. पाठपुरावा असा केला की थेट पाइपलाइनला कुणी केला नसेल. आठवड्याच्या आत झाकण बसलं, नवंकोरं, जाडजूड, आणि रात्रीत कुणीतरी त्याला पिवळा रंग देऊन टाकला. मेस्सी परत माळ्यावर गेला.

अर्जेंटिनावाले आता म्हणतात, गल्लीच्या मागच्या टोकाला अजून एक चेंबर आहे, त्याचं झाकण हलतंय.